उसने दुःख

दिवाळीच्या सुटीपूर्वीचा निबंधाचा शेवटचा तास. फळ्यावर मी विषय लिहिला होता : 'कैद्याचे मनोगत'. शेतकरी, नदी, फाटके पुस्तक यांची मनोगते मुलांची घोटून झालेली असतात. म्हणून यंदा कैदी. वर्गातला एक मुलगा एरवी पानेच्या पाने भरणारा. त्या दिवशी मात्र तो कोऱ्या वहीकडे पाहत बसून राहिला. मी जवळ गेलो, तेव्हा म्हणाला, "गुरुजी, मी तुरुंग पाहिलासुद्धा नाही. 'मी कैदी आहे' असं कसं लिहू? ते खोटं होईल ना?"

"अरे, कल्पना करायची," असे ठरीव उत्तर मी दिले. त्याचे समाधान झाले असावे, कारण तो लिहू लागला. माझे झाले नाही. मीही कादंबऱ्या लिहितो. कर्जात बुडालेल्याचे, एकुलता मुलगा गमावलेल्या आईचे दुःख मी 'मी' म्हणून लिहिले आहे. जे भोगले नाही ते आपले म्हणून सांगण्याचा अधिकार माणसाला कोठून मिळतो?

हा प्रश्न मनात आला की मला जॉनी कॅश हा अमेरिकन गायक आठवतो. शेतमजूर, खाणकामगार, आगगाडीवर राबणारे यांच्या सुखदुःखांची साधी गाणी, ज्यांना तिकडे कंट्री संगीत म्हणतात, त्यातला हा मोठा माणूस. १९३२ साली आर्कान्सा राज्यात त्याचा जन्म झाला. घरी कापसाची शेती; लहानपणापासून तो बोंडे वेचीत वाढला. तो बारा वर्षांचा असताना त्याचा लाडका थोरला भाऊ लाकूड कापण्याच्या यंत्रात सापडून मरण पावला. पुढे तो हवाईदलात गेला आणि जर्मनीत असताना त्याने फॉल्सम या तुरुंगावरचा एक चित्रपट पाहिला. त्यातून 'फॉल्सम प्रिझन ब्लूज' हे गाणे झाले आणि १९५५ साली त्याची तबकडी निघाली. गाण्यातला 'मी' खुनी आहे. विनाकारण केलेल्या खुनाची कबुली देऊन तो गजांआडून दूर जाणाऱ्या आगगाडीचा आवाज ऐकत बसतो. ते इतके खरे वाटे की हा गायक खरोखरच शिक्षा भोगून आला आहे असे पुष्कळांनी धरून चालले. वस्तुतः तुरुंगवासाची शिक्षा त्याला कधी झालीच नाही. उत्तेजक गोळ्यांच्या व्यसनापायी आणि आडदांडपणापायी काही रात्री कोठडीत काढल्या, एवढेच.

म्हणजे दुःख उसने. गंमत अशी की चालही उसनी होती. गॉर्डन जेंकिन्स या संगीतकाराच्या १९५३ सालच्या एका गाण्यातून चाल आणि बरेचसे शब्द कॅशने उचलले होते. पुढे ते प्रकरण सुमारे ७५ हजार डॉलर देऊन मिटले. चालीचे देणे फेडायला अशी वाट असते. पण दुःख ज्यांचे होते, त्यांचे देणे कोणत्या कचेरीत भरायचे?

आमच्या आळीत एक रीत आहे. शेजारून वाटीभर साखर उसनी आणली, तर ती वाटी रिकामी परत करीत नाहीत. चिमूटभर का होईना, जास्तच घालून देतात. कॅशने वाटी परत न्यायचे ठरवले, असे मला वाटते. १९५७ पासून तो तुरुंगातुरुंगात जाऊन गाऊ लागला. १३ जानेवारी १९६८ रोजी तो फॉल्समच्या कैद्यांपुढे उभा राहिला आणि त्यांचे गाणे त्यांनाच ऐकवले. तू किती वर्षे काढलीस, असा दाखला त्याच्याकडे कोणी मागितला नाही. १९७२ साली अमेरिकेच्या सिनेटच्या समितीपुढे बसून त्याने तुरुंगसुधारणेसाठी साक्षही दिली.

त्या फॉल्सममधल्या कार्यक्रमाच्या ध्वनिमुद्रिकेत एक जागा आहे. खुनाची कबुली येताच श्रोत्यांतून आनंदाची आरोळी उठते. ही आरोळी कैद्यांची त्या क्षणाची नव्हे. ती मागाहून तेथे जोडलेली आहे. पहाऱ्यात बसलेली माणसे असल्या ठिकाणी जपूनच होती. दुसऱ्याच्या दुःखाची करमणूक कशी होते, हे मला त्या जोडलेल्या आरोळीतून कळले. ती हवी होती आपल्याला, घरी बसून ऐकणाऱ्यांना.

पण वाटी भरून परत केली की हिशेब मिटतो काय? कॅशचे गाणे ऐकणाऱ्या दोन कैद्यांची गोष्ट सांगतो. एक मर्ल हॅगार्ड. घरफोडीबद्दल सॅन क्वेंटिनच्या तुरुंगात होता; तेथे त्याने कॅशला ऐकले, १९६० साली सुटला आणि पुढे स्वतःच कंट्री संगीतातला थोर गायक झाला. दुसरा ग्लेन शर्ली, फॉल्सममधला कैदी. तुरुंगातल्या प्रार्थनामंदिरावर त्याने रचलेले गाणे कॅशच्या हाती आदल्या रात्री पडले. रात्रीत बसवून दुसऱ्या दिवशी कॅशने ते गायले, आणि शर्ली पुढच्याच रांगेत बसला होता. कॅशने त्याच्या सुटकेसाठी खटपट केली, १९७१ मध्ये तो सुटला तेव्हा त्याला आपल्या संचात घेतले. परंतु मोकळे जग शर्लीला पेलवले नाही. त्याचे बोलणे हिंसक होऊ लागले, तेव्हा कॅशने त्याला संचातून दूर केले. १९७८ साली शर्लीने आत्महत्या केली.

कॅशला दोष द्यावा, असे मला वाटत नाही. त्याच्या संचात इतर माणसेही होती, त्यांचा जीवही सांभाळायचा होता. तरी वाटते की दुसऱ्याचे दुःख गाण्याचा अधिकार आधी कमवून ठेवता येत नाही. आपण ते उसने घेतो आणि मग आयुष्यभर फेडीत राहतो. काही वेळा फेड पुरी पडत नाही. म्हणून गाऊच नये काय? तसे म्हटले, तर ज्याचे दुःख त्यानेच कुढावे, आणि ज्याला वाचा नाही त्याने मुकेच राहावे, असे होईल. ते मला अधिक कठोर वाटते.

त्या मुलाची वही घरी आणून वाचली. त्याने तुरुंगाचे वर्णन केलेच नव्हते. त्याच्या कैद्याला दिवाळीच्या रात्री भिंतीपलीकडून फटाके ऐकू येतात, आणि त्यांतला आपल्या मुलाने उडवलेला कोणता, हे तो ओळखू पाहतो. खाली समासात पेन्सिलीने एक ओळ होती : "गुरुजी, कैद्यांना फराळ मिळतो का?"

विषय मी दिला होता. हे विचारायचे मात्र मला सुचले नव्हते. चौकशी करून सांगतो, असे त्याला म्हणालो आहे. सुटी लागली, घरात करंज्यांचा घाणा चालू आहे, आणि चौकशी अजून व्हायची आहे.