बैलाच्या श्रमाचं

ऋषिपंचमीच्या भाजीत काय काय पडतं ते गणपतीच्या आदल्या दिवशी मंडईत गेलं की न विचारताच कळतं. अळूची पानं आणि देठी, लाल माठ, सुरण, पडवळ, भेंडी, काकडी, कोवळ्या कणसाचे तुकडे. फोडणी नाही, मसाला नाही. हिरवी मिरची, आंबटपणापुरती चिंच किंवा आमसूल, जमलं तर ओलं खोबरं. एरवी ज्या भाज्या एकमेकींच्या शेजारीही बसायच्या नाहीत त्या एका पातेल्यात शिजतात आणि अशी काही चव येते की वर्षातून एकदाच का करतात, असं दर वर्षी वाटतं. नियम मात्र चवीचा नाही. त्या दिवशी बैलाच्या श्रमाचं खायचं नाही. नांगरटीच्या रानातलं धान्य वर्ज्य. परसात, बांधावर, हाताने उकरलेल्या मातीत उगवलेलं तेवढंच चालतं.

भाजीवाल्या मावशी त्या दिवशी शपथेवर सांगतात, ‘हाताने लावलेली आहे हो, बैल फिरलेला नाही.’ ते खरंच असतं. बैल फिरायचा तर आधी बैल हवा. रान ट्रॅक्टरने नांगरलेलं असतं. नियमाचा काटेकोर अर्थ घ्यायचा तर आता गहू, तांदूळ, तूरडाळ सगळंच ऋषिपंचमीला चालायला हवं, पण हा युक्तिवाद घरात मांडून पाहण्याची हिंमत मी अजून केलेली नाही.

या व्रताची कथा आज वाचवत नाही. रजस्वला असताना बाईने स्वयंपाकाच्या भांड्यांना हात लावला म्हणून ती पुढच्या जन्मी कुत्री झाली. तिच्या संसर्गदोषाने नवरा बैल झाला. आणि दोघं आपल्याच मुलाच्या दारात आली. विटाळाची ती शिकवण गेली तर कुणाचं काही अडणार नाही. पण त्याच कथेत एक प्रसंग आहे. मुलगा आईबापांचं श्राद्ध घालतो. ज्याच्या नावाने पिंड ठेवायचा तो बाप त्याच दिवशी तोंड बांधून शेतात राबतो आहे, आणि रात्री गोठ्यात कुत्रीला सांगतो आहे की आज दिवसभर मला चारा मिळाला नाही. मुलगा ते ऐकतो. सोवळ्याओवळ्याच्या कथेत हा उपाशी बैल कुठून शिरला कोण जाणे, पण तो शिरला आणि टिकला. आपण ज्याचे आभार मानायला ताट वाढून बसलो आहोत, तोच त्या क्षणी जुंपलेला असू शकतो, हे या कथेला ठाऊक आहे.

आपल्याकडे कृतज्ञता दाखवायची एक जुनी रीत आहे आणि ती बोलण्याची नाही. ज्याचे उपकार आहेत त्याला त्या दिवशी कामाला लावायचं नाही. बेंदूर असो की पोळा, आदल्या संध्याकाळी खांदेमळणी होते. जिथे जू टेकून टेकून घट्टा पडलेला असतो तिथे लोणी-हळद चोळतात, गरम पाण्याने शेकतात आणि बैलाला रीतसर उद्याच्या जेवणाचं आमंत्रण देतात. दुसऱ्या दिवशी ओढ्यावर अंघोळ, शिंगांना हिंगूळ आणि बेगड, अंगावर झूल, कपाळाला बाशिंग, नवी वेसण, नवा कासरा. मिरवणुकीचं आणि पुरणपोळीचं कौतुक सगळेच करतात. पण या सगळ्याच्या मुळाशी एक साधी गोष्ट आहे: त्या दिवशी मानेवर जू नाही. बैलाला आपलं बाशिंग समजत असेलसं वाटत नाही, जू नसणं मात्र नक्की समजतं.

वसुबारसेला गायीचं दूध-तूप खात नाहीत. नागपंचमीला जमीन खणत नाहीत, नांगर धरत नाहीत. खंडेनवमीला हत्यारं पुसून, झेंडू वाहून ठेवून द्यायची. सरस्वतीपुढे मांडलेली पुस्तकं विसर्जनापर्यंत उघडायची नाहीत. आमच्या लहानपणी या एका शास्त्राज्ञेचं पालन फारच निष्ठेने होत असे, आणि गणिताचं पुस्तक पूजेत सर्वांत आधी जाऊन बसत असे.

कृतज्ञतेचं हल्ली शास्त्र झालं आहे. रॉबर्ट एमन्स आणि मायकल मॅककलो या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी 2003 मध्ये एक निबंध प्रसिद्ध केला. काही विद्यार्थ्यांना त्यांनी दर आठवड्याला अशा पाच गोष्टी लिहायला सांगितल्या ज्यांच्याबद्दल त्यांना कृतज्ञ वाटतं. दुसऱ्या गटाला कटकटी लिहायला सांगितल्या. काही आठवड्यांनी पहिला गट आपल्या आयुष्याबद्दल अधिक समाधानी होता. तेव्हापासून कृतज्ञतेच्या वह्या निघाल्या, त्यांची ॲप्स निघाली. मी त्यांची टवाळी करणार नाही. ज्याला त्याने झोप लागते त्याने जरूर लिहावं. पण या वहीत फायदा होतो तो लिहिणाऱ्याचा. वहीत बैलाचं नाव आलं म्हणून बैलाचा खांदा हलका होत नाही. पोळ्याच्या दिवशी शेतकऱ्याला समाधान वाटत असेल, नसेल; बैलाची सुट्टी त्यावर अवलंबून नाही. मला ही व्यवस्था जास्त प्रामाणिक वाटते.

आणि ती एकट्या हिंदूंची नाही. कोकणात, अलिबाग-रेवदंड्याच्या पट्ट्यात बेने इस्रायली लोक पिढ्यान्‌पिढ्या तेलाचे घाणे चालवत. शनिवारी त्यांचा घाणा बंद, म्हणून गावाने त्यांना ‘शनवार तेली’ म्हटलं. हिंदू तेली शंकराच्या वारी घाणा थांबवत, ते ‘सोमवार तेली’. हिब्रू ग्रंथांपासून दूर, शतकानुशतकं मराठी बोलत राहिलेल्या त्या समाजाने बरंच काही गमावलं असेल, पण शब्बाथ सोडला नाही. त्यांच्या दहा आज्ञांपैकी विश्रांतीच्या आज्ञेत घरधनी आहे, मुलंबाळं आहेत, चाकर आहेत आणि नाव घेऊन बैल आणि गाढवही आहेत. रेवदंड्याच्या घाण्याच्या बैलाच्या डोळ्यांवरची झापड आठवड्यातून एक दिवस सुटत होती ती सिनाई पर्वतावरच्या हुकमाने. इतक्या लांबून आलेला हुकूम इतक्या सहज गावात मुरला, कारण गावाला ती भाषा आधीच येत होती.

गिरणी कामगाराला मात्र ही सवलत कुणी आपणहून दिली नाही. मुंबईच्या गिरण्यांत बॉयलरला विश्रांती मिळे ती तो साफ करायचा असेल तेव्हा. माणसाला तेवढीही नियमित नव्हती. जोतीरावांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884 मध्ये गिरणी कामगारांची संघटना उभी केली, सभा घेतल्या, अर्ज केले, आणि 10 जून 1890 रोजी रविवारची सुट्टी मिळाली. रविवारच का, याचं त्यांनी दिलेलं एक कारण मला फार आवडतं: तो खंडोबाचा वार. साहेबाच्या चर्चचा दिवस जेजुरीच्या नावाने मागून घेतला. आज रविवारी सकाळी उशिरा उठून, चहाचा दुसरा कप घेऊन आपण ज्याला छोटासा आनंद म्हणतो, त्याच्यामागे ही खटपट आहे.

छोट्या आनंदांचंही असंच आहे. त्यांनाही अधूनमधून मोकळं सोडावं लागतं. आषाढ शुद्ध नवमी ही कांदेनवमी. दोन दिवसांनी चातुर्मास लागणार, कांदा-लसूण-वांगं बंद होणार, म्हणून त्या दिवशी कांदाभजी, कांद्याचं थालीपीठ, कांद्याचा झुणका, घरभर वास. निरोपाला इतका खमंग समारंभ दुसऱ्या कुठल्या भाजीच्या वाट्याला आला नसेल. मग थेट मार्गशीर्षात चंपाषष्ठीला खंडोबापुढे वांग्याचं भरीत आणि रोडगा येतो, आणि त्या भरताचा पहिला घास ज्याने पाळणूक करून खाल्ला आहे त्याला वांग्याची थोरवी वेगळी सांगावी लागत नाही. क्वाइडबाख आणि डन या संशोधकांनी 2013 मध्ये हेच चॉकलेटवर करून पाहिलं: एका गटाने आठवडाभर चॉकलेट खायचं नाही, दुसऱ्याने भरपूर खायचं, तिसऱ्याला काहीच सूचना नाही. आठवड्यानंतर चॉकलेटची खरी गोडी लागली ती पहिल्या गटाला. आमच्या आजीला हे वांग्यावरून ठाऊक होतं, मात्र तिने ते पापपुण्याच्या हिशेबात लिहून ठेवलं होतं.

माझं आवडतं मनोरंजन गाणं ऐकणं, आणि तिथेही ही विश्रांती पूर्वी बांधलेलीच होती. गीतरामायण 1955 च्या रामनवमीला पुणे आकाशवाणीवर सुरू झालं. माडगूळकरांनी लिहावं, फडक्यांनी चाल लावावी आणि आठवड्याला नवं गाणं यावं, असं वर्षभर चाललं. बावन्न गाण्यांचा बेत होता. त्या वर्षी अधिक महिना आला म्हणून छप्पन्न झाली. पंचांगाने रेडिओवर एवढा अधिकार क्वचितच गाजवला असेल. ज्यांनी ते दिवस पाहिले ते सांगतात की लोक रेडिओला हार घालत, उदबत्ती लावत. आपण त्याला भाबडेपणा म्हणतो. पण पुढचं गाणं पुढच्या आठवड्यात, हे ज्याला मान्य आहे त्याच्यापुढे मधले दिवस मोकळे असतात. त्या दिवसांत गाणं मनातल्या मनात हवं तेव्हा, हवं तसं चुकीचं गुणगुणता येतं.

शास्त्रीय संगीताने तर रागांना वेळाच नेमून दिल्या. भातखंड्यांनी हे समयचक्र सूत्रबद्ध मांडलं आणि त्यावर वादही पुष्कळ झाले. सूर काही घड्याळ पाहत नाहीत, हे आक्षेपकांचं म्हणणं मला तर्काने पटतं. तरी त्या चक्राचा मला दिसणारा गुण वेगळा आहे. भैरव पहाटेचा म्हटला की उरलेला सगळा दिवस तो मोकळा. मल्हार आठ महिने मोकळा. प्रत्येक रागाच्या वाट्याला गाण्यापेक्षा न गाण्याचा काळ मोठा. फोन खिशात आल्यापासून माझ्याकडचा किशोरी आमोणकरांचा भूप हवा तेव्हा वाजू लागला, भर दुपारी, सिग्नलला, भांडी घासताना. आता तो मी दिवेलागणीनंतरच लावतो, तोही रोज नाही. भूपाला याचं काही सुखदुःख नाही. मला मात्र त्याच्या पहिल्या आलापाला पुन्हा थांबावंसं वाटू लागलं आहे.

या सगळ्या सुंदर व्यवस्थेत एक भोक आहे आणि ते स्वयंपाकघरात आहे. पोळ्याला बैल मोकळा, पण त्याच्यासाठी पुरण वाटणारी मोकळी नाही. नागपंचमीला तवा चढवायचा नाही, चिरायचं नाही. म्हणून पुरणाची दिंडं उकडायची, ज्यांना पोळीपेक्षा कमी खटपट लागते असं ती न करणाराच म्हणेल. शिळासप्तमीला चुलीची पूजा, चूल थंड; कारण दोन दिवसांचा स्वयंपाक तिने आदल्या रात्रीच उरकलेला असतो. चुलीला सुट्टी मिळते, हातांना नाही. ज्यांनी बैलाच्या खांद्यावरचा घट्टा पाहिला, त्यांना लाटणं धरून पडलेला घट्टा दिसला नसेल असं नाही. पण सणांचे नियम करणारे बहुधा जेवायला बसलेले होते.

गेल्या खंडेनवमीला आमच्या आईने आपल्यापुरता निकाल लावला. मिक्सर, गॅसची शेगडी, विळी, लाटणं, किसणी सगळं पुसून त्यावर झेंडूची फुलं ठेवली आणि जाहीर केलं, ‘ही माझी हत्यारं. पुजली आहेत. उद्यापर्यंत हात लावायचा नाही.’ बाबांनी शस्त्र म्हणजे काय यावर थोडी चर्चा करून पाहिली, पण भूक चर्चेच्या बाजूची नव्हती. शेवटी जेवण बाहेरून मागवलं. घेऊन आलेला मुलगा विशी-बाविशीचा, घामाघूम. त्याच्या दुचाकीला झेंडूचा हार होता, दोन्ही चाकांना हळदकुंकू होतं. सकाळी पूजा करून तो तसाच निघालेला. आई म्हणाली, ‘बस रे जरा पाच मिनिटं, पाणी पी.’

तो जिना उतरता उतरता म्हणाला, ‘पाणी नको काकू, अजून चार ऑर्डर आहेत. तेवढे पाच स्टार द्या.’