कानातला आवाज आणि मनाची संमती



परीक्षा जवळ आल्या की काही मुले रात्री हेडफोन लावून स्वसंमोहनाची ध्वनिमुद्रणे ऐकतात. झोप न येणारी मोठी माणसेही ऐकतात. अशा वेळी घरात प्रश्न निघतो, “यात पाप आहे का?”

आधी यात असते काय, ते पाहू. दोन कानांत किंचित वेगळे स्वर सोडतात. समजा, डाव्या कानात सेकंदाला २०० कंपनांचा आणि उजव्या कानात २१० कंपनांचा. मेंदूत ते एकत्र येतात आणि सेकंदाला १० ठोके पडल्याचा भास होतो. यांनाच बायनॉरल बीट्स म्हणतात. त्यांनी मन खरोखर शांत होते का, याविषयीच्या प्रयोगांचे निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत. या स्वरांवर एक आवाज सावकाश बोलतो : श्वास सोडा, खांदे सैल करा, दहापासून उलटे मोजा. हे झाले इंडक्शन, म्हणजे संमोहनात शिरण्याची पायरी. मन असे सैलावले की मग मुख्य सूचना येते.

या विद्येचा पाया घालणाऱ्यांत गोव्याचे एक कॅथलिक धर्मगुरू होते. आबे फारिया यांचा जन्म १७५६ साली कांदोळी येथे झाला. पणजीत जुन्या सचिवालयाजवळचा त्यांचा पुतळा आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. १८१३ पासून ते पॅरिसमध्ये संमोहनाचे जाहीर प्रयोग करीत. संमोहन करणाऱ्याच्या अंगातून एक चुंबकीय शक्ती वाहते, असा तेव्हा समज होता. फारियांनी तो नाकारला. ही झोप ऐकणाऱ्याच्या स्वतःच्या मनातून येते, असे त्यांनी १८१९ च्या आपल्या ग्रंथात मांडले.

हे खरे असेल, तर जबाबदारीही ऐकणाऱ्याकडेच येते. काही काळ बुद्धीचा पहारा सैल पडणे हे पाप नव्हे. तसे असते तर झोपणेसुद्धा सदाचाराविरुद्ध ठरले असते, असे संत थॉमस अक्वायनस म्हणतात. पोप बारावे पायस यांनीही १९५७ साली भूलतज्ज्ञांपुढे बोलताना, योग्य ती दक्षता घेऊन डॉक्टरांनी उपचारासाठी केलेल्या संमोहनाला मान्यता दिली होती. मात्र मन कोणाच्या स्वाधीन करायचे, हा निर्णय आपण जागेपणी घेतो. त्याचा जाब आपल्यालाच द्यावा लागेल.

म्हणून मुद्रणातील शब्द आधी दिवसा, पूर्ण शुद्धीत ऐकावेत आणि ते खरे आहेत का, हे विचारावे. “मी पहिला येणारच” हे कोणालाही ठाऊक नसलेले भविष्य आहे. “मी प्रश्न शांतपणे वाचीन” हा निश्चय आहे आणि तो पाळता येतो. पहिले वाक्य रोज रात्री मनात मुरवले आणि निकाल वेगळा लागला, तर मूल स्वतःलाच खोटे समजू लागेल. आपलेच खरे शब्द आपल्याच आवाजात मुद्रित केले तर अधिक बरे.

आणखी एक गोष्ट. समोरचा डॉक्टर आपला चेहरा पाहून थांबू शकतो, मुद्रण थांबत नाही. फिट्स येणाऱ्यांनी किंवा मानसिक आजार असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय ही मुद्रणे ऐकू नयेत. गाडी चालवताना तर कोणीच ऐकू नयेत. पालकहो, मुलाचे हेडफोन हिसकावू नका. एकदा त्याच्याशेजारी बसून तोच आवाज तुम्हीही ऐका.

आपला धर्मगुरू