देवाचा भार, माणसाचा खांदा

जेजुरीच्या मर्दानी दसऱ्याला खंडोबाचा खंडा पेलण्याची स्पर्धा होते. सुमारे ४२ किलोंची ही तलवार एका हाताने, तीही हात लांब करून तोलून धरायची. येळकोटाचा गजर चालू असतो, भंडारा उधळलेला असतो आणि सारा भार येतो एका खांद्यावर.

यामागचा प्रश्न फार जुना आहे. देवासाठी सोसलेली वेदना हीच भक्तीची खूण, की देह जपणे हाही धर्मच?

कुंभमेळ्यात ऊर्ध्वबाहू साधू दिसतात. वर्षानुवर्षे हात वर धरल्याने स्नायू झिजतात, सांधा आखडतो. पुढे हात खाली आणू म्हटले तरी येत नाही. त्यांच्या निश्चयापुढे मान झुकतेच. पण गीता या वाटेने जायला सांगत नाही. देहाला पीडणाऱ्या, दंभाने केलेल्या तपाला सतराव्या अध्यायात आसुरी म्हटले आहे. आहार, विहार आणि झोप यांत प्रमाण राखणाऱ्यालाच योग साधतो, असे सहावा अध्याय सांगतो. बुद्धानेही देहदंडाची वाट आधी चालून पाहिली आणि मग सोडली.

खांदा हा शरीरातला सर्वांत मोकळा फिरणारा सांधा. त्याची खोबण इतकी उथळ, की दंडाच्या हाडाचा गोल माथा जागेवर राहतो तो मुख्यतः चार लहान स्नायूंच्या जोरावर. हात लांब केला की वजन सांध्यापासून दूर जाते आणि ताण कैक पटींनी वाढतो. उचललेले धान्याचे पोते आहे की देवाचा खंडा, हे स्नायूला कळत नाही. तो श्रद्धेने बळकट होत नाही, बेताबेताने वाढवलेल्या सरावाने होतो.

दुखावलेला खांदा सावरायलाही तोच धीर लागतो. बहुतेकदा आधी ओणवे होऊन हात सैल सोडायचा, हलके झोके द्यायचे. मग हात न हलवता भिंतीवर दाब द्यायचा, रबरी पट्टा ओढायचा, पाठीच्या फऱ्याभोवतीचे स्नायू घडवायचे. वजनाची पाळी सर्वांत शेवटी. मधुमेह असलेल्यांचा खांदा आखडण्याचा धोका जास्त, त्यांनी तर दुखणे अंगावर काढूच नये. कुणी पाहत नसताना महिनोन्‌महिने हाच व्यायाम करणे, हे गजरात एक दिवस सोसण्याहून अवघड आहे. तप म्हणायचे तर याला म्हणावे.

खंडा पेलू पाहणाऱ्या तरुणांनी आणि पालखीच्या खांदेकऱ्यांनी सण दोन-तीन महिने दूर असतानाच फिजिओथेरपिस्टकडून खांदा तपासून घ्यावा. रात्री त्या कुशीवर झोपवत नसेल किंवा हात वर नेताना मध्येच कळ येत असेल, तर त्या वर्षी खंडा दुसऱ्याच्या हाती द्यावा.