श्रमाच्या गावात खेळाची जागा

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत यंत्रमागांची खटखट सतत कानावर येते. टॉवेल आणि चादरी विणणाऱ्या या वसाहतीत दिवस पाळीने मोजला जातो आणि मजुरी मालावर. शहराच्या पूर्व भागात वडील मागावर आणि आई विड्या वळायला, अशी घरं पिढ्यान्‌पिढ्या आहेत. अशा घरातला मुलगा किंवा मुलगी कॉलेजात जाऊन संध्याकाळी मैदानावर थांबली, एनसीसीच्या बँडमध्ये ड्रम वाजवू लागली, की घरून प्रश्न येतो: यातून मिळणार काय?

प्रश्न रास्त आहे. घाम गाळून फी भरणाऱ्याला तो विचारण्याचा अधिकार आहे. पण त्याच्या तळाशी एक जुना धर्मविचारही आहे, आणि तो याच मातीतला आहे. बाराव्या शतकात बसवेश्वरांनी कायक, म्हणजे श्रम, हाच कैलास मानला. सोलापूरचे ग्रामदैवत झालेले सिद्धरामेश्वर त्याच शरण परंपरेतले. लोकांसाठी तलाव खोदण्याचे काम हीच त्यांची साधना होती. श्रमालाच पूजा मानणाऱ्या या गावात, ज्यातून काहीच उत्पन्न होत नाही त्या खेळाला जागा कुठे?

सोलापूरकरांनी याचे उत्तर कृतीने दिले आहे. संक्रांतीच्या यात्रेत सिद्धरामेश्वरांचे सात उंच नंदीध्वज पांढऱ्या बाराबंदीतले भक्त तोल सांभाळत, वाद्यांच्या गजरात, अडुसष्ट लिंगांच्या प्रदक्षिणेला नेतात. ही पूजा आहे आणि शरीराच्या कसरतीचा उत्सवही आहे. नारळी पौर्णिमेला पद्मशाली समाजाचा मार्कंडेय रथोत्सव निघतो. गणपतीत लेझमाचे डाव रंगतात. त्यासाठी मंडळांची पोरं आधीपासून रात्री सराव करतात. त्यांतली कित्येक जण दिवसभर कामावर राबून आलेली असतात.

थकलेलं शरीर आणखी दमायला का जातं? मागावर हाताला यंत्राच्या गतीने चालावं लागतं. लेझमीत ताल माणसाचा असतो, आणि तो शेजारच्याशी जुळवून राखावा लागतो. चुकलं तर मजुरी कापली जात नाही. पुन्हा पहिल्या पवित्र्यापासून सुरुवात होते. तालमीतल्या व्यायामातून आलेली ही लेझीम १९८२ साली दिल्लीच्या आशियाई खेळांच्या उद्घाटनातही दिसली, पण तिचं खरं घर गल्लीतलं.

भारतीय तत्त्वज्ञानाने खेळाला याहून मोठं स्थान दिलं आहे. ईश्वराला काहीच मिळवायचं नसेल, तर त्याने जग का निर्माण केलं? ब्रह्मसूत्रांचं उत्तर आहे: लीला म्हणून. शंकराचार्यांनी भाष्यात दाखला दिला तो सर्व इच्छा पुऱ्या झालेल्या राजाच्या क्रीडेचा, आणि आपोआप चालणाऱ्या श्वासोच्छ्वासाचा. अभाव भरून काढण्यासाठी केलेलं ते काम. पूर्णतेतून सहज घडते ती लीला. माणूस सदैव अभावात जगतो, तरी खेळताना घटकाभर त्या पूर्णतेला स्पर्श करतो.

स्वामी विवेकानंदांनी तरुणांना गीतेआधी फुटबॉलकडे पाठवलं, ते बळकट शरीराला गीता अधिक कळेल म्हणून. ते खरं आहे, पण तिथेही खेळ साधनच राहतो. डच इतिहासकार योहान हुइझिंगा यांनी १९३८ साली ‘होमो लुडेन्स’ या ग्रंथात खेळाचं पहिलं लक्षण स्वेच्छा हे सांगितलं. हुकुमावरून केलेला खेळ त्यांच्या लेखी खेळच नाही.

आजच्या कॉलेजांपुढे नेमका हाच पेच आहे. नव्या शैक्षणिक धोरणानुसार महाराष्ट्रातल्या पदवी अभ्यासक्रमात क्रीडा, योग, कला, एनसीसी यांना श्रेयांक मिळू लागले. हे चांगलं झालं; ‘यातून मिळणार काय’ या प्रश्नाला घरी दाखवण्याजोगं उत्तर आलं. पण सगळाच खेळ गुणपत्रिकेत गेला, तर मैदानही कारखान्याच्या हिशेबाने चालू लागेल. जिंकणाऱ्या पंधरा जणांचा संघ निवडला जाईल आणि उरलेले शेकडो कडेला उभे राहतील. बँडमध्ये मात्र शेवटच्या रांगेतल्या झांजवाल्यावाचूनही ताल अपुरा असतो. हौशी खेळाची नीती तीच असावी.

म्हणून कॉलेजांनी श्रेयांकांचे तास जरूर घ्यावेत, पण संध्याकाळचा एक तास हजेरीविना, निवडचाचणीविना मोकळा ठेवावा. मैदानाला कुलूप नसावं. चेंडू, लेझीम, हलगी, ड्रम मागेल त्याच्या हाती द्यावेत. एमआयडीसीतल्या मालकांनीही शिकत शिकत कामावर येणाऱ्या मुलांच्या पाळ्या लावताना या तासाचा विचार करावा. आणि आईवडिलांनी मुलांना तो तास हिशेब न मागता द्यावा. कष्टकऱ्याच्या मुलाचा त्यावर इतर कोणाहूनही कमी हक्क नाही.