आश्रय किती दिवस द्यावा?

कोवळा जीव आपल्या हाती सोपविला असता त्याचे रक्षण करावे, हे कोणास शिकवावे लागत नाही. परंतु ते रक्षण केव्हा व कसे आवरते घ्यावे, हे शिकण्यास बहुधा काही तरी गमवावे लागते. एका उन्हाळ्यात आमच्या खेड्यातील मंडळीच्या एका विधवा मातेने आम्हांस विचारले, "मुलगी दहावी झाली. पुढच्या शिक्षणासाठी तिला शहरात वसतिगृहात ठेवावे, की आणखी दोन वर्षे डोळ्यांसमोरच राहू द्यावे? पाठविले तर मी निष्ठुर, आणि न पाठविले तर तिचे नुकसान करणारी." आम्ही त्या वेळी धीराचे चार शब्द बोललो, पण ते उत्तर नव्हे, हे तिला कळत होते व आम्हांसही कळत होते. पुढे त्याच पावसाळ्यात आमच्या रानात जे घडले, त्यावरून या प्रश्नाविषयी आम्हांस काही उमगले. ते येथे मांडतो.

आपला छत्रपती संभाजीनगर जिल्हा, म्हणजे पूर्वीचा औरंगाबाद जिल्हा, हा काळ्या पाषाणाचा मुलूख. मलिक अंबराने 1610 साली जेथे आपले शहर वसविले, त्या गावाचे नावच मुळी खडकी होते. उंचवट्यावर मुरूम, सखलात काळी माती. ती उन्हाळ्यात भेगाळते व पावसात पायास चिकटते. वैशाखात पारा चाळीस अंशांपलीकडे जातो, आणि मृगाचा पाऊस सांगितल्या दिवशी येईलच असा भरवसा नाही. अशा भूमीत मिरची, टोमॅटो, वांगी यांचे बारीक बी थेट रानात टाकले तर बहुतेक वाया जाते. म्हणून आपले वडील गादीवाफ्यावर रोप टाकीत, व ते बोटभर झाले की उपटून सरीवर लावीत. या रीतीत दोष एवढाच की, वाफ्यात सर्वांची मुळे एकमेकांत गुंततात. उपटताना ती तुटतात, आणि तुटल्या मुळांचे रोप नव्या जागी पुष्कळ दिवस मान टाकून राहते.

अलीकडे सिल्लोड, फुलंब्री, कन्नड या मिरचीच्या तालुक्यांत हे काम ट्रेमध्ये होते. अठ्ठ्याण्णव किंवा एकशे चार कप्प्यांचा प्लास्टिकचा ट्रे, त्यात नारळाच्या काथ्याचा भुसा, म्हणजे कोकोपीट, व प्रत्येक कप्प्यात एकच बी. वर शेडनेटची सावली आणि दररोज झारीचे बारीक पाणी. पाच फूट बाय एक फूट या अंतराने लावणी केल्यास एकरास 8,712 रोपे लागतात. म्हणजे अठ्ठ्याण्णव कप्प्यांचे सुमारे नव्वद ट्रे, व नांग्या भरण्यास थोडे अधिक. मिरचीचे रोप पाच-सहा आठवड्यांत लावणीस येते. प्रत्येक मुळाला आपले स्वतंत्र घर असल्यामुळे ते न तुटता मातीत जाते.

आम्हीही त्या वर्षी घरीच ट्रे भरले. रोप उत्तम आले. लावणीस आठवडा उरला, तेव्हा मंडळीतील एक वृद्ध शेतकरी बंधू येऊन म्हणाले, "आता पाणी थोडे तोडा. जाळी आधी सकाळची काढा, मग संध्याकाळची, शेवटी दिवसभराची. रोप काटक होऊ द्या." रोपवाटिकेवाले यास हार्डनिंग म्हणतात. आम्ही पहिल्या दिवशी तसे केले. दुपारी पाहिले तो कोवळी पाने मलूल होऊन खाली झुकलेली. आमच्याने ते पाहवेना. आम्ही झारी उचलली व जाळी पुन्हा ओढून घेतली. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. रोपे आमच्या दयेने हिरवीगार राहिली.

नंतर पाऊस झाला व आम्ही लावणी उरकली. दोन दिवसांत आभाळ फाकले, ऊन कडक पडले. वेळेवर आंबवणी दिली, तरी चवथ्या दिवशी सरीवरून चालत मोजले, तर दर तीन रोपांत एक आडवे पडले होते. शेजारच्या रानात त्या बंधूंचे रोप आमच्याहून बुटके व काळपट दिसे. ते मात्र उभे होते. नांग्या भरण्यास त्यांच्याकडूनच रोप मागून आणावे लागले. त्यांनी एक शब्दही बोलून दाखविला नाही, म्हणून लाज अधिक वाटली.

आता विचार करण्याजोगी गोष्ट ही की, झारी उचलताना आम्ही दया कोणावर केली? रोपावर केली असे आम्ही तेव्हा समजत होतो. परंतु रोपाला त्या तहानेची गरज होती. सावलीत वाढलेले पान पातळ असते. थोडे ऊन व थोडी तहान लागली म्हणजे त्यावरील मेणाचा थर जाड होतो व त्यातील पाणी लवकर उडून जात नाही. हे चार-सहा दिवसांचे काम आम्ही होऊ दिले नाही. मलूल पान पाहण्याचे दुःख आमचे होते, आणि ते आम्हांस नको होते. वाचकहो, आईबापांची, गुरुजनांची व पुढाऱ्यांची पुष्कळ दया या जातीची असते. आपण लेकराचे रक्षण करितो असे म्हणतो, आणि रक्षण करितो आपल्या डोळ्यांचे.

परंतु येथे दुसऱ्या बाजूस जाणारे लोक असतात, त्यांसही दोन शब्द सांगितले पाहिजेत. "आम्ही उन्हातच वाढलो, आमचे काय बिघडले?" असे ते म्हणतात. जे बिघडले ते सांगावयास राहिले नाहीत, हे ते विसरतात. भेगेत पडलेल्या शंभर बियांतून दोन उगवली, तर त्या दोहोंनी उन्हाचे गुणगान करावे हे न्यायाचे नव्हे. आपल्या खेड्यांत असे किती तरी मुलगे व मुली आहेत की ज्यांच्यावर जाळी कधी पसरलीच नाही. ऊसतोडीच्या गाड्याबरोबर ती हिंडली, शाळा सुटली, आणि भूक त्यांस लहानपणीच भेटली. त्यांस काटकपणाचा उपदेश करणे ही क्रूरता होय. त्यांस प्रथम सावली व पाणीच दिले पाहिजे. आणि ज्या रोपास फार दिवस फार तहान लागते, ते काटक होत नाही, खुरटते. पुढे कितीही खत घातले तरी ते मागेच राहते.

तर मग योग्य कष्ट व निष्ठुरता यांत भेद कसा ओळखावा? आमच्या मते तीन खुणा आहेत. पहिली, योग्य कष्ट क्रमाने येतात. आधी सकाळचे ऊन, मग दुपारचे. दुसरी, ते देणारा पाठ फिरवून निघून जात नाही; झारी भरलेली ठेवून तो जवळ उभा असतो, आणि पान झुकले की वाळले हे पाहत असतो. तिसरी, त्या कष्टांचा लाभ सोसणाऱ्यास होतो, सोसविणाऱ्यास नव्हे. मुलास कामास लावून त्याची मजुरी आपण खावी व त्यास शिस्त हे नाव द्यावे, हा तिसऱ्या खुणेचा भंग होय.

आणि दिवस भरले की नाही हे कसे कळावे? वरून पाहून ते कळत नाही. दाट सावलीत रोप उंच व लुसलुशीत होते, आणि उंचीला आपण भुलतो. जाणता माळी एक रोप कप्प्यातून अलगद काढून मूळ पाहतो. भुसा सुटून पडला, तर अजून वेळ आहे. पांढऱ्या मुळांनी भुसा घट्ट धरला असेल, तर आता लावावे. मुळे तांबूस होऊन कप्प्यातच गोल गोल फिरू लागली असतील, तर उशीर झाला. असे रोप चांगल्या जमिनीतही काही काळ त्या कप्प्याएवढेच राहते. जे घर कालपर्यंत आधार होते, तेच उद्या कोंडवाडा होते, आणि घर मात्र तेच असते.

आणखी एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. रोप जगले नाही म्हणजे आपण दोष रोपास देतो किंवा वाढविणाऱ्यास देतो. रानाची विचारपूस कोणी करीत नाही. सरी आधी भिजवावी, लावणी उन्हे कलल्यावर करावी, भुशाचा गड्डा मातीने पुरता झाकावा. तो उघडा राहिला तर वारा त्यातील ओल ओढून घेतो आणि भोवतालची जमीन ओली असूनही रोप तहानेने मरते. खेड्यातून शहरात गेलेल्या लेकराचे असेच होते. भोवती हजारो माणसे, आणि त्याची विचारपूस करणारे एकही नाही. म्हणून शहरातील बंधुभगिनींस आमची विनंती आहे की, खेड्यावरून आलेल्या मुलामुलींस पहिला महिना तरी आपल्या घरी एक वेळ जेवावयास बोलवीत जावे. ती त्यांची आंबवणी होय.

त्या मातेस आम्ही पुढे जाऊन सांगितले, "बाई, मुलीचे वय मोजू नका, मूळ पाहा. ती एकटी बाजारहाट करिते काय? न विचारता खरे सांगते काय? चूक झाली तर तुमच्याकडे येते, की लपविते? नसेल, तर ही दोन वर्षे त्यासाठी वापरा. नुसती सावली धरून बसू नका. असेल, तर पाठवा, आणि पहिल्या महिन्यात दर रविवारी भेटून या." ती थोडा वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, "ती तयार आहे. तयार मी नाही." तेव्हा आम्हांस आमची झारी आठवली. त्या जुलैत मुलगी शहरास गेली. पहिले चार रविवार आई एसटीने जाऊन येत असे. पाचव्या रविवारी मुलीनेच निरोप धाडला की, या आठवड्यात परीक्षा आहे, आपण येऊ नये. तो निरोप आईने आम्हांस डोळे पुसत वाचून दाखविला. रोप धरले होते.