पाठ न होणारं वाक्य

कोल्हापुरात 26 जूनच्या शाहू जयंतीसाठी नाटक बसवत होतो. सवर्णांच्या हौदातलं पाणी घेतलं म्हणून गंगाराम कांबळेंना मार बसला. पुढे महाराजांनी त्यांना हॉटेल काढायला मदत केली, तिथला चहा स्वतः घेतला. मारणाऱ्याची भूमिका करणाऱ्या मुलाला शिवीचं एकच वाक्य पाठ होईना. आणि हा कुराणचे चार पारे हिफ्ज केलेला!

"सर, घरी अम्मी ऐकते."

"ते वाक्य तुझं नाही, नाटकातलं आहे," मी समजावलं. अन्याय दाखवायचा तर त्याचे शब्द कुणीतरी उच्चारायलाच हवेत. पण घोकून जिभेवर बसलेला शब्द परका राहतो का?

तिसऱ्या दिवशी तो न अडखळता बोलला. मुलांनी टाळ्या वाजवल्या. गंगाराम झालेला मुलगा खाली बघत राहिला. मी त्याला तसं सांगितलं नव्हतं.