दुसऱ्या वर्गाचे वारस

दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना झाला, की घाटावर जमलेल्यांच्या नजरा हळूहळू एकाच माणसाकडे वळतात. गेलेला तरुण असेल, लग्न झालेलं नसेल, तर तो माणूस म्हणजे त्याचा भाऊ किंवा बहीण. मागून एखादे काका कोपराने ढोसतात, "अरे सांग ना त्याला, आईबाबांचं मी बघेन म्हणून." तो हात जोडून तसं म्हणतो. कावळा शिवला तर ठीक, नाहीतर दर्भाचा कावळा करून गुरुजी पुढचं उरकतात. गेल्या दहा दिवसांत चारचौघांत बोलायची त्याची ही पहिलीच वेळ, आणि तीत स्वतःबद्दल तो अवाक्षरही बोललेला नसतो. त्याने फक्त हमी दिलेली असते.

भावंडाच्या दुःखाला आपण जागा देत नाही, काम देतो. भेटायला येणारा दारातच विचारतो, "आई कशी आहेत?" निघताना खांद्यावर हात ठेवून बजावतो, "आता तूच धीराने घ्यायला हवंस." त्यात वाईट हेतू नसतो. मुलगा गेलेल्या आईसमोर इतर कोणाचंही दुःख बोलून दाखवायला जीभ रेटत नाही, हेही खरं. पण त्यामुळे घरात एक माणूस असा उरतो, की ज्याला सगळे भेटतात आणि ज्याच्यासाठी कोणीच आलेलं नसतं.

मृत्यू अचानक आलेला असेल तर हे काम त्याच रात्री सुरू होतं. अपघात असो, बुडणं असो, आत्महत्या असो, पोलीस ठाण्यात 'अकस्मात मृत्यू' अशी नोंद होते. वडिलांना शवागारात कसं न्यायचं, म्हणून ओळख पटवायला भाऊ जातो. पंचनामा, शवविच्छेदन, मग जबाब. जबाब लिहून घेणारा हवालदार विचारतो, कोणावर संशय? तो नाही म्हणतो, आणि कागदावर उतरतं: 'माझा कोणावर संशय अगर तक्रार नाही.' खाली सही, पुढे मयताशी नातं. मग प्रेत ताब्यात मिळाल्याची आणखी एक सही. पुढच्या महिन्यांत बँक, विमा, सिमकार्ड, रेशनकार्डातून नाव कमी करणं. रडायचं राहूनच जातं आणि लोक म्हणतात, पोरगा खंबीर आहे हो.

हा क्रम कायद्यातही आहे. 1956 च्या हिंदू वारसा कायद्यात मृत्युपत्र न करता वारलेल्या पुरुषाची बायको, मुलं आणि आई पहिल्या वर्गाचे वारस. भाऊ-बहीण दुसऱ्या वर्गात, तिथेही वडिलांच्या मागे. अपघाताच्या भरपाईबद्दल सर्वोच्च न्यायालयाने 2009 च्या एका निकालात म्हटलं, की वेगळा पुरावा नसेल तर भावंडांना मृतावर अवलंबून धरता येणार नाही. मला यात गैर वाटत नाही. पोट कोणाचं कोणावर होतं, हे कोर्टाने पाहायलाच हवं. गैर इतकंच, की पैशाच्या वाटपाची ही रांग आपण शोकालाही लावतो. 2018 मध्ये त्याच न्यायालयाने साहचर्य गमावल्याच्या भरपाईचे तीन प्रकार सांगितले: जोडीदाराचं, आईवडिलांचं, अपत्याचं. त्या प्रकरणात मृताच्या बहिणीलाही चाळीस हजार रुपये मिळाले, पण वडिलांच्या बरोबरीने, अपत्य गमावल्याच्या सदरात. भावंडासाठी चौथं सदर नव्हतंच.

मराठीत ते आहे, आणि सातशे वर्षांपासून आहे. ज्ञानदेवांच्या समाधीवर नामदेवांच्या नावे असलेल्या अभंगांत सगळ्यात जास्त कोसळतो तो निवृत्ती: थोरला भाऊ, वर गुरू. आईबाप आम्हांला टाकून गेले तेव्हाही एवढं संकट वाटलं नव्हतं, असं तो बोलून जातो. भावाचं जाणं आईबापांच्या जाण्याशी तोलायचं आणि भावाचं पारडं जड ठरवायचं, हे आज सांत्वनाच्या बैठकीत कोणी म्हणून पाहावं! निवृत्तीला ते म्हणता आलं, याचं एक कारण मला सरळ दिसतं. त्या घरात आईवडील उरले नव्हते. सांभाळायला कोणी नव्हतं, म्हणून त्याला रडता आलं. परंपरा सांगते की 1296 च्या कार्तिकात ज्ञानदेव गेले, पाठोपाठ सोपान, पुढच्या वैशाखात मुक्ताबाई.

आणखी एक गोष्ट राहते, आणि ती निवृत्तीलाही लागू नाही. भावंडांत भांडणं असतात. उसने पैसे, आईचा लाडका कोण, जमिनीचा तुकडा, महिनोन्‌महिने न उचललेला फोन. दीर्घ आजारात यातलं थोडंफार मिटतं; अचानक मरणात सगळं जिथल्या तिथे राहतं. आईवडिलांच्या लेखी गेलेला मुलगा तेराव्यापर्यंत गुणाचा पुतळा होतो. भावाला मात्र तो जसा होता तसाच आठवतो: लबाड, हसरा, उधळ्या. फोटोला हार घालताना त्याचा राग अजून गेलेला नसतो, आणि हे तो आईला सांगू शकत नाही, बायकोलाही धड नाही. अशा माणसाला धीर देऊ नये. शेवटचं भांडण कशावरून झालं होतं, एवढं विचारावं. तो तासभर बोलेल.